मुदतीबाहेरचा दावा

"खरं सांगण्यात पाप असतं का, बाई?"

इंदूबाई मठात झोळी शिवत बसल्या होत्या. त्यांनी आधी सुईत दोरा ओवला.

"कुठे सांगायचं आहे?"

"कोर्टात."

"कोणाबद्दल?"

प्रश्न अवधूत सोनारेचा होता. तालुक्याच्या गावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. इंदूबाई महानुभाव पंथातल्या तपस्विनी. पंथात येताना उपदेश त्याने त्यांच्याकडूनच घेतला होता.

"सुखदेवबद्दल," तो शेवटी म्हणाला.

बाई दोघांनाही ओळखत होत्या. नगरपालिकेच्या शाळेची भिंत कलली होती. गावाने तक्रारी केल्या, कोणी ढुंकून पाहिलं नाही. एका दुपारी ती पडली आणि तिच्याखाली दोन मुली गेल्या. अवधूतची तेजू, आणि शेजारच्या सुखदेव मेटकरची रेवू.

नगरपालिकेवर दावा लावायला तेव्हा सहा महिन्यांची मुदत होती. अवधूतने दुकान बंद ठेवलं, कागद गोळा केले आणि मुदतीत दावा लावला. सुखदेवचा दावा लागला तो फार उशिरा, भावकीने हाताला धरून नेलं तेव्हा. तो फेटाळला जाणार हे सगळे धरूनच चालले होते.

पण तारखा पडत राहिल्या, आणि मध्येच कायदा बदलला. मुदत वाढली. आधीच लागलेल्या दाव्यांना ती लागू करायची का, असा वाद निघाला. कोर्ट म्हणालं, करू. मात्र मुदत ठाऊक असून जो मुद्दाम बसून राहिला, त्याला नाही.

"पालिकेचा वकील माझ्याकडे आला होता," अवधूत म्हणाला.

"काही देतो म्हणाला?"

"नाही. एवढंच विचारलं, सुखदेवला मुदतीचं माहीत होतं का."

"होतं?"

"मीच सांगितलं होतं त्याला. त्याच्या घरी जाऊन."

बाईंनी एक टाका घातला.

"त्याचा दावा गेला, तर तुझा लवकर लागेल?"

"छे. त्याचा माझा काही संबंध नाही."

"मग?"

"मग काय... घरात बायको भिंतीला डोकं लावून बसली होती, आणि मी पंचनाम्याची नक्कल मागत कचेरीच्या खिडकीशी उभा होतो. उन्हातान्हात वणवण केली. हा नुसता बसून राहिला. आणि आता दोघांचे दावे शेजारी शेजारी उभे. मी धावलो ते कशाला?"

बाईंनी दोरा ओढून घेतला.

"लोक त्याच्याकडे जातात, बाई. जेवलास का विचारतात. त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. मला विचारतात, पुढची तारीख कधी आहे."

त्याचा आवाज चढला होता. तो त्याच्याच लक्षात आला, आणि त्याने मान खाली घातली.

बाईंनी झोळी बाजूला ठेवली. उठून त्या उंबऱ्यात जाऊन बसल्या, पाय मुडपून, हात मांडीवर सैल टाकून.

"मी सुखदेव," त्या म्हणाल्या. "ये. त्या दिवशी सांगितलंस तसं सांग."

"बाई..."

"सांग."

अवधूत आवारात उतरून त्यांच्यापुढे आला. उभ्याउभ्याच बोलला. "सुखदेव, सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. नाही लावला तर हक्क जातो. वकिलाकडे चल माझ्याबरोबर."

बाईंनी वर पाहिलं. त्याच्याकडे, पण त्याला ओलांडून, मागच्या वाटेकडे.

"आता मी काय म्हणालो?"

अवधूतने मागे वळून वाटेकडे पाहिलं.

"काय म्हणालो मी?"

"म्हणाला..."

बाईंची नजर वाटेवरून हलली नाही.

"म्हणाला, तेजू आली का रे शाळेतून? आमची रेवू अजून यायची आहे."

मग बाई उठल्या आणि पुन्हा झोळी शिवायला बसल्या.

"जा," त्या म्हणाल्या. "खरं सांग."

पुढच्या तारखेला अवधूत साक्षीला उभा राहिला. पालिकेच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला. मुदतीबद्दल तुम्ही सुखदेव मेटकरला सांगितलं होतं का?

"हो."

वकील समाधानाने खाली बसला. अवधूत मात्र पिंजऱ्यातून उतरला नाही.

"साहेब, तो त्यावर काय म्हणाला, तेही लिहून घ्या."

आणि त्याने सांगितलं. टाइप करणाऱ्या बाईंची बोटं अर्ध्यावर थांबली. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि वाक्य पुन्हा सांगायला लावलं. अवधूतने ते पुन्हा सांगितलं.

सुखदेवच्या दाव्याला नवी मुदत लागू झाली.

निकाल ऐकून अवधूत मठात आला. दंडवत घालून बसला. चेहरा मात्र तसाच होता, ओढलेला.

"लागू झाली, बाई."

"बरं झालं."

"पण माझं जळणं थांबलं नाही."

"अजून कशाचं?"

अवधूतने हाताचे तळवे एकमेकांवर घासले.

"कोर्टाबाहेर त्याने मला मिठी मारली आणि रडला. पोटातून रडला. मी उभा होतो खांबासारखा. आणि मला त्याचा हेवा वाटला, बाई. दाव्याचा नाही... त्या रडण्याचा."

बाईंनी हातातलं काम थांबवलं.

"माझी ती वेळ होती, तेव्हा मी नकला काढत फिरत होतो. आता मागे फिरून कुठे जाऊ? ती वेळ गेली."

बाहेर आवारात कोणीतरी पाणी शिंपत होतं. तो आवाज थांबेपर्यंत इंदूबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या.

मग म्हणाल्या, "मुदत काय एकट्या सुखदेवचीच वाढली का रे?"