सगुणा कुंभारीण आणि तहानेचं फूल

एक होता राजा. पण तो बसू दे त्याच्या सिंहासनावर, आपल्याला आज त्याच्याशी काम नाही. त्याच्या राज्याच्या पार टोकाला एक तळं होतं. तळ्याकाठी कुंभारांची आठ घरं होती. त्यातलं शेवटचं घर सगुणा कुंभारणीचं. घरात दोघीच. सगुणा आणि तिची सात वर्षांची लेक येसू.

आता त्या तळ्यात कोण राहायचं? साती आसरा. पाण्याच्या सात बहिणी, बरं का. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते, ते त्यांचे. उन्हाळ्यात तळं आटलं की कुंभार तिथली माती काढायचे. पण पहिली पाटी भरण्याआधी सात दगडांना हळदकुंकू वाहायचं, भाताची सात मुटकुळी ठेवायची आणि म्हणायचं, "बायांनो, माती नेतो." एवढं विचारलं की झालं. आसरा कधी नाही म्हणायच्या नाहीत.

एकदा काय झालं, अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आली. त्या दिवशी घरोघर नवं मडकं लागतं, पाणी भरून दान द्यायला. सगुणाची निम्मी मडकी व्हायची होती आणि घरातली माती संपली. ती येसूला घेऊन धावत तळ्यावर गेली. हळदकुंकू घरीच राहिलं. म्हणाली, "उद्या दुप्पट वाहीन." आणि तिनं एक पाटी भरली. मग दुसरी भरली. तिसरी भरायला येसू पुढे गेली. भर दुपारची वेळ. पाण्यावर एक गोल तरंग उठला. आवाजसुद्धा झाला नाही. सगुणानं वळून पाहिलं, तर पाटी तेवढी तरंगत होती.

सगुणानं हंबरडा फोडला. दगडांवर कपाळ टेकलं. मग पाण्यातून आवाज आला. सात जणींचा मिळून एक आवाज.

"न विचारता तू आमचं नेलंस. आम्ही तुझं नेलं."

"चुकले, आयांनो! काय हवं ते मागा. पण माझी पोर द्या."

मग थोरली आसरा बोलली. "आमच्याकडे फुलांना तोटा नाही. पण सगळी पाण्यातली. पोट भरलेली. तहान भोगून फुललेलं फूल आम्ही कधी पाहिलं नाही. ते आण. ही येतेय ती अक्षय्य तृतीया पहिली. तिसरीच्या दिवशी, सूर्य डोक्यावरून कलण्याआधी आणलंस तर लेक तुझी. नाहीतर ती आमची आठवी."

झालं. त्या दिवसापासून सगुणा रोज दुपारी तळ्यावर जायची. भर दुपारी पाण्याखाली येसू दिसायची. सुरुवातीला अगदी स्पष्ट, हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट. विचारायची, "आई, आज काय रांधलंस?" सगुणा सांगायची, "पिठलं." आणि पदराआड तोंड लपवायची.

मग एक दिवस उंटांचा तांडा तळ्यावर पाणी प्यायला थांबला. तांड्याची मालकीण एक म्हातारी होती. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं, डोळे मात्र चिमणीसारखे. तिनं सगुणाला रडताना पाहिलं, सगळं विचारून घेतलं. मग कमरेची पुरचुंडी सोडली. आत नऊ बिया. कसल्या गंमतीच्या बिया! जिऱ्यापेक्षा जराशा मोठ्या, काडीसारख्या, आणि दोन्ही टोकांना रेशमाचे झुबके.

"हा वाळवंटातला गुलाब," म्हातारी म्हणाली. "ऐक नीट. बी आडवं निजवायचं. वर वाळूचं पातळ पांघरूण, नखाएवढं. ऊन तापत असेल तेव्हाच पेरायचं. भांड्याला खाली भोक हवं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, पाणी घालताना हात आवरायचा. या झाडाचं पोट मोठं असतं, पाणी पोटात साठवून ते बसतं. त्याला उपाशी मारणं कठीण. खाऊ घालून मारणं सोपं."

तांडा निघून गेला. सगुणाच्या पदराला नऊ बिया.

आता तुम्ही म्हणाल, सगळं सांगितलं होतं की म्हातारीनं, मग काय अडलं? अडलं ते भोकापाशी. अरे, नव्या मडक्याला भोक कुणी पाडतं का? भोकाचं मडकं स्मशानात नेतात. ज्या घरातली लेक पाण्याखाली आहे, त्या घरात भोकाचं मडकं करायचं? सगुणाचा हात उचलेना. मग तिनं काय केलं, एक सुंदर, धड मडकं घेतलं. त्यात तळ्याची उत्तम माती भरली, तीनदा चाळलेली, लोण्यासारखी मऊ. कुंभारणीला त्याहून चांगली माती कुठली माहीत असणार? त्यात तीन बिया निजवल्या. वर पाणी घातलं. सकाळी घातलं, दुपारी घातलं, संध्याकाळी घातलं.

रोज एक रेघ ती भिंतीवर गेरूनं ओढायची. तीन रेघा झाल्या. काही नाही. सात झाल्या. काही नाही. दहाव्या दिवशी तिला राहवेना. तिनं माती उकरली. आत नुसता चिखल, आणि चिखलात तीन काळ्या, बुळबुळीत काड्या.

तीन बिया गेल्या. राहिल्या सहा. आणि आभाळात ढग आले, ऊन गेलं. आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं. काय दिवस काढले असतील तिनं! पावसाळाभर तळं भरत गेलं, येसू खोल खोल गेली. दिवाळीच्या सुमाराला तिच्या बांगड्या दिसेनाशा झाल्या. संक्रांतीच्या सुमाराला ती "आई" म्हणायची, पण पुढे काय विचारायचं ते विसरायची.

चैत्र आला. मग सगुणानं दात आवळले आणि नव्या परळाला, म्हणजे पसरट मातीच्या भांड्याला, भोक पाडलं. एक नाही, तीन. पहिला परळ फुटलाच, मग तिनं दुसरा घेतला. शेजारची सरजाकाकू कुंपणावरून बघत होती.

"अगं सगुणे, अभद्र! लेकीच्या नावानं असलं भांडं करतात होय?"

"लेकीसाठीच करतेय, काकू."

या खेपेला तळ्याची माती नाही. तिनं जुनी खापरं कुटली, मोहरीएवढे खडे केले. त्यात नदीची जाड वाळू, मूठभर कुजलेलं शेणखत. तीन बिया आडव्या निजवल्या, पातळ पांघरूण घातलं, पाणी शिंपडलं आणि हात मागे बांधून बसली. अगदी खरोखर पदरानं बांधून, बरं का!

चौथ्या दिवशी वाळू जराशी उचलली गेली. पाचव्या दिवशी एक हिरवं टोक. मग दुसरं. मग तिसरं. जाडजूड, गुटगुटीत रोपं, जणू तीन बाळं गळ्यापर्यंत दुलई घेऊन बसलीयेत. सगुणा तळ्यावर धावली. "येसू, उगवलं गं!" येसू पाण्याखालून हसली. बाकी काही बोलली नाही.

पण मग वैशाख लागला. आणि त्या गावात वैशाखात बायकांचं एक व्रत असायचं. आंघोळ झाली की महिनाभर दिसेल त्या झाडाला एक लोटी पाणी घालायचं. कुणाचं झाड, कुठलं झाड, विचारायचं नाही. सगुणा माती आणायला गेली, हळदकुंकू वाहून, सात मुटकुळी ठेवून, अगदी सावकाश. आणि इकडे सरजाकाकू आली, तिनं एक लोटी घातली. मग तिची सून आली, तिनं एक. मग पलीकडची, मग तिची जाऊ. सगळ्यांच्या मनात एकच, सगुणाच्या पोरीला पुण्य लागो. असं आठ दिवस चाललं. सगुणा रोज विचार करायची, मी पाणी देत नाही, तरी वाळू ओली कशी?

नवव्या दिवशी तिन्ही रोपं कमरेत वाकली. सगुणानं एकाचं पोट दाबलं. बोट आत गेलं. पिकलेल्या केळ्यात जातं ना, तसं.

सरजाकाकूला कळलं तेव्हा ती मटकन खालीच बसली. "माझ्या हातानं झालं गं!" म्हणाली. सगुणानं तिला हात धरून उठवलं. राहिल्या तीन बिया, आणि वर्ष एकच.

मग सगुणानं त्या तीन बिया त्याच दिवशी पेरल्या, नवा परळ, नवी खापरं. आणि परळ कुठे ठेवला असेल? मडकी भाजायच्या भट्टीच्या उंच कठड्यावर. तिथे शिडी लावल्याशिवाय कुणी पोचणार नाही. एक बी उगवलंच नाही. एक उगवलं, त्याचा शेंडा चिमणीनं खुडून नेला. उरलं एक. नऊ बियांतलं एक.

त्या एकाला सगुणानं कसं जपलं, काय सांगू. केरसुणीची काडी वाळूत खोचायची, बाहेर काढून गालाला लावायची. गार लागली तर पाणी नाही. कोरडी लागली तरी अजून एक दिवस नाही. पाऊस आला की परळ वळचणीला, ऊन आलं की परत कठड्यावर. दसऱ्यापर्यंत झाडाचं बूड चांगलं लाडवाएवढं झालं. वर पानांचा तुरा.

मग थंडी पडली. एक पान पिवळं झालं आणि गळलं. मग दुसरं. पौषात तर सगळी पानं गेली. उरला नुसता फुगीर बुंधा आणि दोन बोडक्या फांद्या.

"मेलं," गाव म्हणालं.

"तहानेनं मारलंस," म्हाताऱ्या म्हणाल्या. "घाल गं आता तरी थेंबभर."

सगुणाचा जीव तुटायचा. मध्येच उठायची, तांब्या भरायची, शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थांबायची. मेलं असेल का? जिवंत असेल आणि मीच मारत असेन का? मग ती झाडाच्या पोटावर बोट ठेवायची. जरासं दाबायची. टणक. भाजलेल्या मडक्यासारखं टणक. मग तांब्या तसाच घेऊन खाली उतरायची. रोज. पूर्ण पौष, पूर्ण माघ.

आणि तळ्यावर? तळ्यावर येसू आता पाण्याच्याच रंगाची झाली होती. एका दुपारी तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही रोज कुणाला शोधता?"

त्या दिवशी सगुणा जेवली नाही.

फाल्गुनात फांदीच्या टोकाला हिरवा ठिपका आला. मग पानं आली. मग चैत्र गेला, कळी नाही. वैशाख लागला, आणि प्रतिपदेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या फक्त दोन दिवस आधी, पानांच्या मध्ये एक कळी दिसली. लांबट, गुलाबी, गच्च मिटलेली. छत्री कशी गुंडाळून ठेवतात, तशी.

तिसरी अक्षय्य तृतीया उजाडली. कळी मिटलेलीच.

सगुणानं परळ उचलला आणि तळ्यावर नेला. सात दगडांपुढे, लख्ख उन्हात ठेवला. सगळं गाव काठावर आलं. प्रत्येकाच्या हातात दानासाठी भरलेलं नवं मडकं. सूर्य चढत होता. सगुणाची सावली तिच्या पायांशी आखडत होती. एक वीत. मग चार बोटं. कळी हलेना.

कुणी तरी कुजबुजलं, "पाणी घाला, लवकर उमलेल." दोघी-तिघी पुढे सरल्या. सगुणाचा धीर संपला होता. तिचाच हात मडक्याकडे गेला. आणि मध्ये उभी राहिली कोण? सरजाकाकू. हातात भरलेली लोटी, डोळ्यांतून धारा.

"खबरदार कुणी थेंब घातला तर! आणि तू गं सगुणे, वर्षभर हात आवरलास ना? मग अजून घटकाभर आवर."

इतकी माणसं, इतकं पाणी, आणि सगळ्यांचे हात जागच्या जागी. सावली पायाखाली गेली.

तेवढ्यात कळीची एक कड सुटली. मग दुसरी. मग पाचही पाकळ्या गरकन उलगडल्या. कडेला गर्द गुलाबी, आत जाताना फिकट, आणि गळ्याशी पांढऱ्या शुभ्र!

पाण्यावर गोल तरंग उठला. सात ओले हात वर आले. सगुणानं फूल खुडून थोरलीच्या तळहातावर ठेवलं. सगळ्या आसरा वाकून पाहत राहिल्या. कितीतरी वेळ. मग थोरली हळूच म्हणाली, "एवढ्याशा पाण्यावर एवढं?" आणि हात पाण्यात गेले.

काठाशी येसू उभी होती. निथळत. पण डोळे अनोळखी. सगुणा पुढे झाली आणि थांबली. नाव विचारावं की नको? ही "बाई" म्हणाली तर?

येसूनं ओठांवरून जीभ फिरवली. एकदा. दोनदा. पाण्याखाली इतके दिवस होती ना, काय होतंय ते तिला आठवतच नव्हतं. मग तिचा चेहरा रडवेला झाला आणि ती म्हणाली,

"आई, तहान लागलीय."

सगुणानं सरजाकाकूच्या हातातली लोटी घेतली आणि लेकीच्या तोंडाला लावली. या वेळी मात्र हात अजिबात आवरला नाही. येसू घटाघटा प्यायली, दुसरी मागितली, तीही प्यायली.

मग मायलेकी घरी गेल्या, पिठलं-भाकरी जेवल्या आणि पुढे सुखानं राहिल्या. सरजाकाकूही राहिली, आसराही आपल्या तळ्यात राहिल्या. झाड तर अजून आहे म्हणतात.

चला, आता तुमच्यापैकी कुणाला पाणी हवंय? पिऊन घ्या. मग पांघरूण घ्या, पातळच, आणि आडवे व्हा. डोळे मिटा बघू. उगवायला वेळ लागतो बाळांनो, सकाळपर्यंत काही उकरून बघायचं नाही.