घड्याळदेवाच्या एका थेंबाची कहाणी

ऐका घड्याळदेवा, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, तोंडातली सुपारी गालात सारा, आणि ज्यांच्या घरचं घड्याळ बंद आहे त्यांनी पुढं येऊन बसा.

आटपाट नगर होतं. नगराला राजा होता, राजाला राणी होती, पण नगर चालायचं ते गुरवाच्या तासावर. सिदोबा गुरवाच्या माजघरात लंबकाचं घड्याळ होतं. आत घड्याळानं टोले द्यावेत, ओसरीवर सिदोबानं ते मोजावेत, मग मोगरी उचलून देवळापुढच्या काशाच्या तासावर तितकेच टोले हाणावेत. त्यावर गाई सुटत, त्यावर चुली पेटत, त्यावर राजा सिंहासनावर बसे. सिदोबाला घड्याळ वाचता येत नव्हतं. ऐकू मात्र चांगलं येई.

घड्याळाचा वसा सिदोबाची आई पाळायची. ती म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली. मग तिनं सुनेला जवळ बोलावलं. सुनेचं नाव मैना. "मैने, आठव्या दिवशी चावी दे. वर्षानं धूळ पूस. सुईच्या टोकावर तेल घे, टेकव, दार लाव. जास्त लाड करू नको." मैना म्हणाली, "बरं, आत्याबाई." सासूनं डोळे मिटले.

मैना हाताची सढळ. एक पोळी वाढायला जायची नि चार वाढून यायची. तिच्या दारातून कुत्रंसुद्धा ढेकर देऊन जाई. तिच्या मनात आलं, शनीला तेलाची धार, मारुतीला तेलाची वाटी, आणि ज्याच्या जिवावर आपण भाकर खातो त्या देवाला सुईचं टोक? लोक काय म्हणतील? म्हणतील, सासू गेली नि सुनेनं देव उपाशी मारला.

मग तिनं काय केलं? पहिल्या शनिवारी पळीभर खोबरेल घातलं. दुसऱ्या शनिवारी वाटीभर घातलं. तिसऱ्या शनिवारी अख्खा तांब्या रिता केला, वर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चाकांच्या दातांत झेंडू खोवला. घड्याळ चपचपीत झालं. मैनेला अगदी भरून आलं.

हसता काय? तुमच्या शिवणाच्या मशिनीत काय काय आहे, ते मला ठाऊक आहे.

पुढं मार्गशीर्ष आला, थंडी पडली. खोबरेल थिजलं, त्यात हळदकुंकू कालवलेलं, चाकं जागच्या जागी रुतली. लंबक थांबला. पहाटेचे पाच काही वाजले नाहीत. सिदोबा मोगरी घेऊन ओसरीवर बसला. गाई हंबरल्या, त्यानं टोला दिला नाही. ऊन ओट्यावर आलं, त्यानं टोला दिला नाही. लोक म्हणाले, "सिदोबा, उजाडलं की रे!" तो म्हणाला, "आतून अजून उजाडलं नाही." राजा आपला अंथरुणातच बसून राहिला.

मैनेनं शेगडी पेटवली, घड्याळाखाली धरली. तेल सुटलं, भिंतीवरून ओघळलं, लंबक हलला. वेळ मागं पडली होती, म्हणून तिनं काटा बोटानं गरागरा पुढं नेला. घड्याळ मध्येच टोले द्यायला बघे, ती म्हणे, "राहू दे देवा, दमशील." टोले अर्धे राहिले, काटा पुढं गेला. दोघांची फारकत झाली. काट्यावर आठ नि टोले बारा!

सिदोबानं बारा ऐकले, बारा हाणले. पारोशी माणसं जेवायला बसली. शाळा भरायच्या आधी सुटली. राजानं दुपारची झोप सकाळीच काढली. दुसऱ्या दिवशी मैनेनं काटा पुन्हा गरागरा फिरवला, तर दिवेलागणीला तीन टोले पडले. कोणी दिवा लावेना, बायका अंधारात भाकऱ्या थापत बसल्या. कोणाची भाकरी तव्यावर पडली, कोणाची मांजरावर.

राजानं सिदोबाला बोलावलं. पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा हसला. दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा खवळला. तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा राजा उपाशी होता. म्हणाला, "गुरवा, आठ दिवसांनी राजकन्येचं लग्न आहे. देवळापुढं मांडव, सकाळी अकराचा मुहूर्त. तुझ्या अकराव्या टोल्याला अक्षता पडतील. टोला चुकला, तर मोगरी काढून घेईन, तुला नि तुझ्या बायकोला वेशीबाहेर घालीन."

सिदोबा घरी आला. पानावर बसला नाही. "सात पिढ्यांची मोगरी," एवढंच म्हणाला, आणि ती मांडीवर घेऊन बसून राहिला. मैनेचं काळीज तुटलं. तिला वाटलं, देव कोपला. का कोपला? तर तेल कमी पडलं. उठली, तांब्या भरून घेतला.

इकडं घड्याळदेवानं तांब्या पाहिला. त्याला धडकीच भरली. मग त्यानं म्हाताऱ्याचं रूप घेतलं, डोळ्याला भिंग लावलं, खांद्याला झोळी अडकवली, आणि लगबगीनं गुरवाच्या दारी आला.

"माई, काय करतेस?"

"देवाला तेल घालते, बाबा."

"देवानं मागितलं का?"

"देव कधी मागतो का? आपण समजून द्यावं."

म्हाताऱ्यानं घड्याळाचं दार उघडलं, भिंगातून आत पाहिलं, कपाळाला हात लावला. "माई, याला तू जेवायला घातलं नाहीस. याला तू बुडवलंस."

मैनेच्या हातून तांब्या गळाला. सगळं तिच्या ध्यानात आलं, ती रडायला लागली. "बाबा, माझ्या मायेपायी माझ्या धन्याची मोगरी चालली. काही उपाय सांगा."

"एक वसा आहे."

"तो मला द्या."

"तुला गं कशाला? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

म्हातारा म्हणाला, "मातायची नाहीस, हे दिसतंच आहे. टाकायची तर मुळीच नाहीस. पण तू उतशील गं बाई, तू उतशील!" त्यानं तिच्याकडून तीनदा वचन घेतलं, मग वसा सांगितला.

"चावी पुरती उतरू द्यावी, लंबक काढून ठेवावा. काडीला चिंधी गुंडाळावी, रॉकेलचा हात लावावा, जुनं तेल, कुंकू, झेंडू, सगळं पुसून काढावं. सावलीत सुकू द्यावं. मग खोबरेल नको, तीळतेल नको, साजूक तूप तर नकोच नको. घड्याळाचं पातळ तेल घ्यावं. चाकाचा कणा जिथं पत्र्याच्या भोकात फिरतो, तिथं सुईच्या टोकानं एकेक थेंब द्यावा. चाकांच्या दातांना देऊ नये, धूळ चिकटते. काटा पुढं न्यायचा, तर प्रत्येक तासाला थांबावं, टोले पुरे होऊ द्यावेत. मागं फिरवू नये. आठव्या दिवशी चावी द्यावी, दार लावावं, आणि," म्हाताऱ्यानं बोट उगारलं, "हात मागं घ्यावा."

मग त्यानं झोळीतून अंगठ्याएवढी बाटली काढून दिली.

"बाबा, ही किती दिवस पुरवू?"

"दहा वर्षं."

"एवढीशी? देव काय म्हणेल..."

"माई!" म्हातारा ओरडला. मैनेनं बाटली पदराला बांधली.

वसा मांडला. पहिल्या दिवशी चिंधी लाल निघाली. दुसऱ्या दिवशी पिवळी निघाली. तिसऱ्या दिवशी काळी निघाली, चौथ्या दिवशीही काळी. सहाव्या दिवशी कुठं पांढरी निघाली. मग मैनेनं सुई बाटलीत बुडवली, थेंब टेकवला. असे सगळे थेंब देऊन झाले, तरी हाताला अजून द्यायचंच होतं. तो आपोआप बाटलीकडं जाऊ लागला. तिनं दुसऱ्या हातानं तो हात धरला नि मागं ओढला. डोळ्यांना पाणी आलं, पण दार लावलं. म्हातारा पुन्हा आला, त्यानं टोले काट्याशी जुळवून दिले, झोळीतल्या घड्याळावरून वेळ लावून दिली, लंबकाला झोका दिला, आणि तो दिसेनासा झाला.

लग्नाचा दिवस उजाडला. वेळेवर उजाडला. मांडवात सनई लागली, सिदोबा मोगरी घेऊन ओसरीवर बसला.

माजघरात तेलीण आली, घागर घेऊन आली. "मैने, आज मोठा दिवस. देवाला माझ्या हातचं तेल घाल." मैना म्हणाली, "देव जेवला. त्याला थेंब पुरतो." तेलीण नाक मुरडून गेली. मग कासारीण आली, तपेली घेऊन आली. "मैने, देवाला माझ्या हातचं तेल घाल." "देव जेवला. त्याला थेंब पुरतो." कासारीण म्हणाली, "सासूवर गेली हो!" नि निघून गेली.

मग साक्षात राणी आली. हातात सोन्याची वाटी, वाटीत केवड्याचं तेल. "गुरविणी, बाजूला हो. माझ्या लेकीचं लग्न आहे. देवाला मी तेल घालणार."

अकराला थोडकी मिनिटं उरली होती. मैना घड्याळापुढं आडवी उभी राहिली. म्हणाली, "राणीसाहेब, मीही असंच मायेनं घातलं होतं. त्या मायेनं राजाला उपाशी ठेवलं, गावाला अंधारात बसवलं. मला वेशीबाहेर घाला, पण हे दार मी उघडायची नाही."

राणी लालबुंद झाली. काही बोलणार, तोच घड्याळानं टोला दिला. एक. दोन. तीन. राणी मोजायला लागली. मैना डोळे मिटून मोजायला लागली. नऊ. दहा. अकरा. बारावा पडला नाही.

ओसरीवर सिदोबानं मोगरी उचलली. तेव्हा राणीच्या ध्यानात आलं की लग्न तिकडं मांडवात आहे नि नवरीची आई इथं गुरवाच्या माजघरात आहे! तिनं वाटी मैनेच्या हातात कोंबली, शालू गुडघ्यापर्यंत उचलला, आणि धावत सुटली. सातव्या टोल्याला तिनं अंगण ओलांडलं, नवव्याला मांडवात शिरली, अकराव्याला लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. राजा संतोषला. "मोगरी तुझीच रे गुरवा, आठव्या पिढीलाही तुझीच," म्हणाला.

सिदोबा घरी आला, भिंतीला टेकून बसला. मैनेनं पाण्याचं फुलपात्र पुढं केलं, तर त्याला उजवा हात उचलवेना. खांदा दगडासारखा झालेला. मैनेनं त्या खांद्याकडं पाहिलं. तिला लाज वाटली. इतके दिवस भिंतीवरच्या देवाला तांब्या तांब्या तेल घातलं, आणि टोले हाणणाऱ्याला कोणी विचारलं नाही. मग तिनं राणीची वाटी घेतली नि त्याच्या खांद्यावर अख्खी उपडी केली. दोन्ही हातांनी चोळू लागली.

सिदोबा म्हणाला, "अगं पुरे, पुरे! ओघळतंय!"

मैना म्हणाली, "गप बसा. तुम्ही घड्याळ नाही."

जसा घड्याळदेव मैनेला पावला, तसा तुम्हांआम्हांला पावो. ज्याला थेंब हवा त्याला थेंब मिळो, ज्याला वाटी हवी त्याला वाटी मिळो. ही साठां मिनिटांची कहाणी पाचां मिनिटांत सुफळ संपूर्ण.