माश्यांचा शाप आणि खरा कोतवाल

एका राज्यात राजा नव्हता, राणी होती. मेघावती तिचं नाव. तिच्या कुरणात पोटाला लागेल एवढं गवत, तरी गुरांच्या बरगड्या दिसत. चेटकीण काळंभा हिने त्यांच्यावर माश्या सोडल्या होत्या. गुरं दिवसभर शेपट्या हाणत, पाय आपटत, चरायचं विसरत. खाल्लेलं अंगी लागेना.

राणीने उःशाप मागितला. काळंभा म्हणाली, "पोळ्याला तुझा पांढरा वळू माझ्या शिळेहून जड भरला, तर शाप सुटला. हलका भरला, तर कुरण माझं. उपाय कोतवालाला विचार." आणि ती धुरात विरली.

राणीने नगराच्या कोतवालाला बोलावलं. त्याने दवंडी पिटवली, "माश्यांनी सूर्यास्तापूर्वी राज्य सोडावे!" माश्या हलल्या नाहीत. मग त्याने तलवारी घेऊन शिपाई धाडले. त्यांनी एकमेकांच्या पगड्या तेवढ्या कापल्या.

राणी हताश होऊन कुरणात उभी होती. वळूच्या पाठीवर दुभंगल्या शेपटीचा एक काळा पक्षी बसला होता.

"झाले तुमच्या कोतवालाचे उद्योग?" पक्षी म्हणाला.

"तू कोण?"

"कोतवाल. पक्ष्यांतला. गुरांच्या पाठीवर जन्म गेला, पण आम्हाला विचारतंय कोण!"

राणीने हात जोडले. "चुकले, कोतवालजी. सांगा."

"कामं तीन. माश्या ताज्या शेणात जन्मतात. रोज शेण उचल, उरेल ते विस्कटून उन्हात वाळव. पाणवठ्याच्या वाटेवर करंजतेलात भिजवलेल्या गोणपाटाचं तोरण बांध. येता-जाता गुरांच्या पाठी त्याला घासू देत. आणि कुरणात काठ्या रोव. माझं गोत त्यांवर बसून उरलेल्या माश्या टिपेल."

नगरकोतवालाने नाक मुरडलं. "राणीसरकारांच्या हातात शेण?"

"मग काय, चेटकिणीच्या हातात कुरण देऊ?" राणी म्हणाली, आणि तिने टोपली उचलली. तिच्यामागे सारं नगर वाकलं.

माश्यांची गुणगुण विरत गेली. गुरं पोटभर चरली, निवांत रवंथ करू लागली. वळूच्या बरगड्या मांसाखाली बुडाल्या.

पोळ्याला मैदानात तराजू उभा राहिला. एका पारड्यात काळी शिळा, दुसऱ्यात वळू. काटा थरथरला. काळंभा हसली. राणीने नजर हलवली नाही. मग शिळा कण्हली आणि हळूहळू वर गेली.

काळंभा सीमेपार निघून गेली, ती पुन्हा दिसली नाही. नगरात नगारे वाजले, लोक नाचले.

कुरणातल्या गुरांनी मान वर करूनही पाहिलं नाही. ती चरत राहिली.