चिंधीची जागा

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या कंकूबाईला बाजारातून उठवून नाल्याकाठी बसवायचं, असं बाजारप्रमुख दातारसाहेबांनी ठरवलं. तिथे गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे ती जाणून होती. ती कचेरीत गेली.

साहेबांनी आजोबांचा जुना इंग्रजी कोश उघडला. "तुझा धंदा करणाऱ्याला इंग्रजीत फ्रिपरर म्हणतात, बाई. शब्दाचं मूळ फ्रेंच, अर्थ चिंधी! चिंधीची जागा नाल्याकाठीच."

चाळीस वर्षं कापड चाचपणाऱ्या कंकूबाईने कोशाचं पान दोन बोटांत चोळलं.

"साहेब, हा कागद सुती चिंध्यांचा. हातकागदाच्या कारखान्याला आम्हीच चिंध्या घालतो, मला कळतं. आधी हा कोश नाल्याकाठी ठेवा, मग मी त्याच्या शेजारी बसते."

साहेबांनी कोश मिटला. कंकूबाई आपल्या जागेवर जाऊन बसली.