बाजूला हो

खूप खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. बाळांनो, तुम्ही ऐकाच. आणि बाळांच्या आईबापांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका.

नदीकाठच्या त्या गावात एक मल्ल राहत होता. उमेदीच्या काळात त्याने पंचक्रोशीतल्या एकूण एक पैलवानाची पाठ मातीला लावली होती. पुढे वय झालं. केस पिकले, दात पडले, आणि मग एकेक करून माणसं त्याच्या आठवणीतून गळू लागली. आधी शेजारी गेले, मग सोयरे, आणि एक दिवस पोटची लेकही गेली. राहिली ती फक्त कुस्ती.

सकाळी तो गरीब गाईसारखा असे. लेक भरवेल तो घास मुकाट्याने खाई. पण दिवस कलला, की त्याच्या अंगात आखाडा संचारत असे. "माझी जोड कुठंय?" असं गरजत तो उठे आणि जो कुणी समोर दिसेल त्याच्यावर चालून जाई. जोड म्हणजे कुस्तीला तोडीस तोड गडी. गावातल्या चौघांनी विनाकारण त्याची जोड होऊन हाडं शेकून घेतली होती.

शेवटी पाटलाने लेकीला चावडीवर बोलावलं.

"पोरी, तुझा बाप म्हणजे गावाची शान. पण आता लेकराबाळांना रस्त्यावर सोडायची भीती वाटते. नागपंचमीपर्यंत दम धरतो. मग मात्र त्याला गोठ्यात साखळीनं बांधावं लागेल."

लोहाराला साखळी घडवायला सांगूनही झालं होतं.

लेक चावडीवरून निघाली. ज्याला उभ्या आयुष्यात कुणी खाली पाडलं नाही, त्याला गुरांच्या दावणीला बांधायचं? घरी येऊन ती चुलीपुढे बसून पोटभर रडली. मग डोळे पुसून उठली, कारण बापाच्या जेवणाची वेळ झाली होती.

नदीपलीकडच्या टेकडीवर एक म्हातारा रिकाम्या हातांनी लढायची विद्या शिकवतो, असं तिने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बापापाशी शेजारणीला बसवून ती तिकडे गेली. पाहते तो काय, गुरुजी काडीपैलवान, आणि वर डाव्या पायाने लंगडे.

"मला डाव शिकवा," ती म्हणाली.

"डाव नंतर. आधी चाल."

"चालता येतं की मला!"

"सगळ्यांना तसंच वाटतं," गुरुजी हसले. "माझा पाय मोडला तेव्हा कुठं मला पाय आहेत हे कळलं."

त्यांनी तिला गवताच्या चटईवर उभं केलं. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. गुडघा ताठ नको, खांदे वर नकोत. समोरून कुणी आलं तर मागे पळायचं नाही आणि आडवंही यायचं नाही. गुरुजी काठी रोखून तिच्या अंगावर येत आणि ओरडत, "बाजूला हो!" ती बाजूला होई. दहादा, वीसदा, शंभरदा.

आठ दिवसांत तिला वाटलं, जमलं! तिची खुशी तिच्या पायांत मावत नव्हती.

त्याच दिवशी दुपार टळताच बाप उठला. "माझी जोड कुठंय?" म्हणत तिच्यावर धावला. ती झर्रकन बाजूला झाली. बाप आपल्याच जोरात पुढे गेला आणि सरपणाच्या ढिगावर आदळला. कपाळाला खोक पडली. रक्त पाहून तो लहान मुलासारखा कळवळला, आणि ते कळवळणं तिच्या काळजात रुतलं.

सकाळी ती गुरुजींपुढे उभी राहिली. "तुम्ही सांगितलंत बाजूला हो. मी झाले. ते पडले."

गुरुजींनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "चूक माझी. शब्द अर्धा सांगितला. पोरी, वाटेतून हटतो तो बाजूला होतो. पण जवळ येऊन बसतो तोसुद्धा बाजूलाच बसतो ना? तू पहिलं केलंस. मला दुसरं हवं होतं."

"म्हणजे कसं?"

"ये, दाखवतो. तो येईल तेव्हा एक पाऊल त्याच्याकडेच टाक. घाबरू नकोस, त्याच्या अंगावर नाही, अंगालगत. ते पाऊल झालं बिजागरी, बाकीचं अंग झालं दार. आता फीर. कुठं आलीस?"

ती गुरुजींच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. दोघांची तोंडं एकाच दिशेला होती.

"आता हात टेकव त्याच्या कोपराखाली. धरायचा नाही हं, टेकवायचा. आणि त्याला जे दिसतंय ते तूही बघ. हे शेवटचं विसरलीस, तर आधीचं सगळं फुकट."

मग ती रोज तेवढंच करत राहिली. चटईवर एक पाऊल आणि एक वळण, घरी अंगणात एक पाऊल आणि एक वळण. पाणी भरून येतानासुद्धा ती वळायची. बाया म्हणत, "बापाचं वारं लेकीला लागलं!"

बघता बघता नागपंचमी आली. आखाड्याभोवती गाव जमलं. हलगी कडाडली आणि बापाचे डोळे पेटले. शेजारणीच्या हाताला हिसडा देऊन तो धावत सुटला तो थेट गर्दीत. चौघे गडी दोर घेऊन समोरून आले. दोघांना त्याने असं भिरकावलं, की उरलेले दोघे आपणहून मागे सरले.

"साखळी आणा!" पाटील ओरडला.

तेवढ्यात लेक धावत आली आणि बापासमोर उभी राहिली. तिला त्याने ओळखलं नाही. हात उगारून तो तिच्यावर आला.

सारं गाव एका आवाजात ओरडलं, "बाजूला हो!"

ती झाली. एक पाऊल पुढे, एक वळण, आणि बापाच्या खांद्याशी तिचा खांदा. उगारलेला हात हवेतून खाली आला, तसा तिने आपला तळवा हलकेच त्याच्या कोपराखाली टेकवला. मग तिला शेवटची गोष्ट आठवली. तिने समोर पाहिलं.

समोर नुसती तोंडं होती. ओरडणारी, दटावणारी, हातात दोर घेतलेली. ओळखीचं असं एकही नाही. तिच्या मनात आलं, 'आबांना रोज हे दिसतं? आणि मीही रोज समोरूनच यायचे!'

"आबा," ती हळूच म्हणाली, "फार माणसं आहेत हो. मलाही भीती वाटते."

बाप चालतच होता. तिने त्याला थांबवलं नाही. तीही चालू लागली. आखाड्याभोवती एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला बापाचा श्वास शांत झाला. हलगीवाल्याचे हात आपोआप थांबले होते.

बापाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तू कोण गं?"

"तुमची जोड, आबा."

"अशी कशी जोड? समोर नाही आलीस ती?"

"मी बाजूची आहे."

म्हाताऱ्याने जरा विचार केला. मग तिच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "बरं केलंस. चल, घरी जाऊ."

बाप काही बरा झाला नाही, खोटं कशाला सांगू? लेकीचं नाव त्याला पुन्हा कधीच आठवलं नाही. पण दिवस कलला, की कुणी ना कुणी गावकरी येई, त्याच्या बाजूला उभा राही आणि दोन फेऱ्या मारून त्याला घरी सोडी. पाय सरकवायला लेकीनेच त्यांना शिकवलं. पाटील सगळ्यांत उशिरा शिकला.

आणि साखळी? ती लोहाराने दोन तुकडे करून लिंबाच्या फांदीला टांगली आणि खाली फळी बसवली. त्या झोपाळ्यावर संध्याकाळी बाप बसे, आणि बाजूला लेक.

म्हणून सांगतो, अंगावर येणाऱ्याला आडवं करणं हा बळाचा खेळ आहे. त्याच्या बाजूला उभं राहून त्याला दिसतं ते पाहणं, हीच खरी विद्या.