डोळस बैलाचा घाणा

कोकणातल्या रेवठारला खाडीकडे उतरताना उजव्या हाताला एक दगडी घाणा लागतो. गाळप बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण घाण्याशेजारच्या खांबाला एक खुंटी आहे आणि तिच्यावर जाड कापडाची झापड टांगलेली आहे, घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर बांधतात तशी. नवल असं की ही झापड कधीच कुठल्या बैलाला बांधलेली नाही. जुनी विरली की नवी शिवून टांगायची, बांधायची मात्र नाही. इथले शनवारतेली, म्हणजे शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ज्यू, आपला बैल उघड्या डोळ्यांनीच फिरवत. अशा बैलाला गरगरतं, तो सारखा थांबतो, तेल कमी निघतं. पंचक्रोशीतले बाकीचे तेली पोट धरून हसत. त्यांच्या वठारातली, म्हणजे वस्तीतली, पोरं आंधळी कोशिंबीरसुद्धा खेळत नसत.

वठारातले थोरले एलोजी रेवठारकर आल्यागेल्याला घाण्याच्या कट्ट्यावर बसवून याचं कारण सांगतात. "भ्यायलात तर लाजू नका," असं आधीच बजावतात. "ही भ्यालेल्या माणसाचीच गोष्ट हाय."

फार जुनी गोष्ट. यहूदाचं राज्य तेव्हा शेवटच्या घटका मोजत होतं. यरुशलेम नगराला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला होता. गादीवर जो राजा होता त्याचं नाव इथे कुणी घेत नाही. नुसतं 'शेवटला' म्हणतात. त्याच्या वाड्यातल्या दिव्यांना तेल घालायचं काम नेर नावाच्या तेल्याकडे होतं. नेर म्हणजे त्यांच्या भाषेत दिवा. नाव दिवा, पण माणूस ससा. पान हललं तरी दचकणारा. घरी बायको तिर्सा आणि दोन लहान मुली.

त्याच्या भिण्याला कारणही होतं. राजाला नको ते सांगणाऱ्या एका नबीला, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या माणसाला, नुकतंच चिखलाच्या विहिरीत सोडलं होतं. दरबारात उरले होते ते सगळे 'होय महाराज' म्हणणारे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यांनाही कळत होतं, पण झाकायचं काम मन लावून चाललं होतं.

एके सकाळी नेर जैतुनाची फळं घाण्यात टाकत होता. तेवढ्यात केसाळ झग्यातला एक म्हातारा नबी अंगणात शिरला. मोठ्या नबींची नावं पोथ्यांत आहेत, याचं कुठेच नाही. त्याने न विचारता बैलाच्या डोळ्यांवरची झापड सोडली आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधली. बैलाला बाजूला केलं, जू आपल्या मानेवर घेतलं आणि घाणा ओढत गोल गोल फिरू लागला. शेजारपाजारचे जमले आणि हसले. नेरला मात्र हसू येईना. म्हाताऱ्याचे पाय रक्ताळले होते, तरी तो थांबत नव्हता.

शेवटी तो नेरसमोर उभा राहिला. डोळ्यांवर झापड तशीच. म्हणाला, "वाड्यात तू जातोस. राजाला सांग. उघड्या डोळ्यांनी वेशीबाहेर चालत जा, बाबेलच्या राजापुढे मान वाकव. नगर वाचेल, लेकरं वाचतील, डोळे वाचतील. नाही गेलास, तर असा फिरशील."

नेरच्या तोंडचं पाणी पळालं. तिर्साने दार लावून घेतलं आणि त्याचा हात घट्ट धरला. "अहो, आपलं तेल घाला नि परत या. तोंड उघडलंत तर या पोरींनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

तो जीव मुठीत धरून वाड्यात गेला. बातमी त्याच्या आधीच पोचली होती. तो दिव्यांत तेल ओतत असताना राजाने बोलावलं. भोवती दरबारी, दारात तलवारवाले. राजाचा चेहरा झोप नसल्यासारखा होता.

"नबी तुझ्या घाण्याला जुंपून फिरला म्हणे. काय बोलला?"

नेरच्या जिभेवर खरं आलं होतं. ते दातांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. त्याला विहीर दिसली, विहिरीच्या काठावर आपल्या मुली दिसल्या. थरथरत्या आवाजात तो म्हणाला, "महाराज, तो म्हणाला, बाबेलचा राजा असाच आंधळ्या बैलागत आपल्या तटाभोवती फिरत राहील, आणि दमून परत जाईल."

दरबार खूश झाला. राजाने नेरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "दिवे भरपूर लावा."

बाबेलचा राजा दमला नाही. तट फुटला. पळून जाणाऱ्या यहूदाच्या राजाला माळावर धरलं. त्याच्या देखत त्याचे मुलगे कापले आणि त्यानंतर त्याचे डोळे काढले, म्हणजे शेवटचं पाहिलेलं तेवढंच राहावं. असं सांगतात. नगर जळलं. दोरखंडात बांधून माणसं बाबेलला नेली, त्यांत नेरचं घरही होतं.

तिथे कुणीतरी सांगितलं की याला घाण्याचं काम येतं. त्याला बंदिखान्याच्या घाण्यावर नेलं आणि हातात काठी दिली. समोर जुवाला माणूस जुंपलेला होता. त्याच्या डोळ्यांवर झापड नव्हती. तिची गरजच नव्हती.

नेरने राजाला ओळखलं. आवाजावरून राजा आपल्याला ओळखील या धास्तीने त्याने तोंडच शिवून घेतलं. काठी न उगारता तो मुका मागे मागे फिरे, आणि घरी येऊन पांघरुणात रडे. दरबारात तो काय बोलला ते तिर्साला ठाऊक होतं.

एक दिवस राजाचा पाय पेंडीवरून घसरला. नेरच्या तोंडून निघून गेलं, "जपून, महाराज!"

घाणा थांबला. राजाने मान वळवली. "तू दिव्यांत तेल घालायचास."

नेर त्याच्या पायांवर कोसळला. "मी खोटं बोललो, महाराज. नबी तसं बोलला नव्हता. मी भ्यालो. तुमचे डोळे माझ्या भिण्यानं गेले, तुमची लेकरं माझ्या भिण्यानं गेली."

राजाने चाचपडत त्याचा खांदा शोधला. मग म्हणाला, "तू तेली आहेस. बैलानं मान खाली घातली नाही तर झापड बांधता येते का? तुझा आवाज कापत होता, मला कळलं होतं. मी मान खाली घातली." आणि थोड्या वेळाने, "मला सारखी पोरंच दिसतात. दुसरं काहीतरी दाखव. काय दिसतं ते सांग. पण खरं सांग."

नेरने डोळे पुसले. "भिंत दिसते, महाराज. ओल आलेली. वर झरोका आहे. झरोक्यात एक पारवा बसलाय. त्याचा एक पाय लंगडा आहे."

त्या दिवसापासून राजा मरेपर्यंत नेर त्याच्या मागे काठी घेऊन चालला नाही. पुढे चालला, आणि दिसेल ते सांगत राहिला. राजा गेल्यावर त्याने शपथ घेतली, की माझ्या वंशात कुणी कुणाच्या डोळ्यांवर काही बांधणार नाही, आणि विचारलं तर दिसेल ते सांगेल, मग भीती वाटो की न वाटो; झापड फक्त आठवणीसाठी खुंटीवर राहील. कितीतरी पिढ्यांनी त्या वंशाचं गलबत कोकणच्या किनाऱ्यावर फुटलं. सगळं बुडालं, पण शपथ पोहून आली, असं एलोजी म्हणतात.

आता घाण्याला बैल नाही. एलोजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आहेत. भाऊबंद एकेक करून इस्राएलला निघून गेले. पण आजही शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लावायच्या आधी ते उंबऱ्यापाशी येऊन सुनेला, सेगुलाबाईला, विचारतात, "काय दिसतं?"

सेगुलाबाईला त्या प्रश्नाची भीती वाटते. आवाज कापतो. तरी ती सांगते.

"घाणा दिसतो, मामंजी. खुंटीवर झापड दिसते. वठारातली बाकीची घरं बंद दिसतात. आज शेजारच्या मुसाजींच्या दारालाही कुलूप लागलं."

एलोजी ऐकून घेतात. मग म्हणतात, "बरं. लाव दिवा."