वाट अडवून बसलेली भागाई

आता खिदळणं थांबवा आणि नीट ऐका, ही गोष्ट मी दोनदा सांगत नसते. लई जुन्या काळची आहे. आपल्या खडकवण्याला तेव्हा नळ नव्हता, रस्ताही नव्हता. पाणी खालच्या झऱ्यावर, आणि चढण चढून वर आणायचं ते बायकांनीच. पोटुशी असली तरी सुटका नाही!

भागाई गावची सुईण. तिचा हात लागला की आडवं मूलसुद्धा गुमान सरळ व्हायचं, असं म्हणतात. पण सुईणीला बोलवायचं ते कळा सुरू झाल्यावर. त्याआधी तिनं पोटाला हात लावला तर दृष्ट लागते, अशी गावाची समजूत. मग कितीतरी लेकरं अपुऱ्या दिवसांची यायची आणि भागाईच्या ओंजळीतच जायची. माउली रडून रडून थकली, मग चिडली. एके सकाळी झऱ्यावर जाऊन बसली आणि येईल त्या पोटुशीला जवळ घेऊन विचारायला लागली, "बाय, पोट आवळतंय का? कंबर धरते का? आधीचं लेकरू भरल्या दिवसांचं होतं का?"

ठकूबाईची सून हौसा आली. तिची आधीची दोन्ही लेकरं अपुऱ्या दिवसांची, दोन्ही गेलेली. भागाईनं पोटावर हात ठेवला, तर ते राहून राहून ताठत होतं. "हिनं आता घागर उचलली तर हेही जाईल," भागाई म्हणाली.

मागोमाग आलेली ठकूबाई कडाडली, "मग पाणी कोण भरंल? माझा धोंडू? बाप्यानं घागर उचलली तर गाव तोंडावर थुंकंल! आणि कळांच्या आधी तू हात लावलासच कसा, मेले?"

भागाई उठली ती चढणीच्या अरुंद वळणावर जाऊन आडवी बसली. "हौसा बाळंत होईस्तोवर इथनं एकही बाई घागर घेऊन जायची नाही!"

माणसांनी ओढलं, हलेना. बैल जुंपले तर दोर तुटला, असं म्हणतात. संध्याकाळपर्यंत घरोघरचे रांजण कोरडे पडले. शेवटी हौसाचा नवरा धोंडूच पुढं झाला. मान खाली घालून त्यानं घागर भरली आणि भागाईच्या डोक्यावरून पलीकडच्या बाप्याच्या हातात दिली. कुणी थुंकलं नाही. दुसऱ्या दिवशी तर पाटीलही रांगेत!

ऊन गेलं, पाऊस गेला, भागाई जागची हलली नाही. वर घरात ठकूबाई तोंडानं शिव्या देत होती आणि हातानं सुनेचे पाय चेपत होती. अखेर भरल्या दिवसांची पोर झाली, अशी रडली की खाली झऱ्यापर्यंत ऐकू गेलं. ठकूबाई गूळ घेऊन धावत उतरली. वळणावर भागाई नव्हती. होती एक काळी शिळा, माणसाच्या अंगासारखी उबदार. ठकूबाईनं तिला मिठी मारून हंबरडा फोडला, असं म्हणतात.

आता नळ आलाय. तरी खडकवण्यात घरातल्या सुनेला दिवस राहिले की पाण्याचा हंडा बाप्यानंच उचलायचा. नर्सबाई तपासायला येतात त्याही शिळेपाशीच बसतात, आणि पोटुशीला तिथं घेऊन यायचं काम सासूचं. एखादी सासू कुरकुरलीच, तर अख्खं गाव तिला विचारतं, "का गं, भागाईला पुन्हा वाटेत बसवायचीय का?"